फोटोखालचे नाव

खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेच्या शतकमहोत्सवाची तयारी चालू होती. तेथील मुख्याध्यापकांनी आम्हाला निरोप पाठविला की, कार्यालयातील लाकडी कपाटावर जुन्या फोटोंचा ढीग पडून आहे, रंगकामासाठी तो खाली काढावा लागणार आहे, तुम्हाला काही उपयोग असेल तर येऊन पाहून जा. मृगाचा पाऊस लागण्यास आठवडा उरला होता. खानापूरचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगावयास नको की, त्या भागात कौलारू छपराखाली ठेवलेला कागद चार महिन्यांत कोणत्या अवस्थेला पोहोचतो. आम्ही दुसऱ्याच दिवशी गेलो.

ढिगात ४७ फोटो निघाले. काही चौकटीत, काही नुसत्या जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेले, तर सात-आठ फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेले. चौकटींच्या मागील फळ्या वाळवीने खाल्ल्या होत्या. एकदोन फोटोंचे कोपरे कसरीने असे कुरतडले होते की मागच्या ओळीतील मुलांचे खांदे शिल्लक होते आणि चेहरे नव्हते. तरीही बहुतेक फोटो जिवंत होते. शाळेच्या पायऱ्या, मधोमध खुर्च्यांवर बसलेले मास्तर, त्यांच्या मागे बाकांवर उभी असलेली मुले, पुढे जमिनीवर मांडी घालून बसलेली लहानगी, आणि सर्वांत पुढे एका मुलाने छातीशी धरलेली पाटी. पाटीवर खडूने इयत्ता आणि साल.

आम्ही तेथे पुरावा शोधावयास गेलो होतो, हे प्रथमच कबूल केले पाहिजे. ज्यांची उमर सीमाप्रश्नाच्या कामात गेली त्यांना कोणताही जुना कागद दिसला की त्यात आधी पुरावा दिसतो. आयोगापुढची निवेदने झाली, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा चालू आहे. खानेसुमारीचे आकडे, ग्रामपंचायतीचे ठराव, जमिनीचे उतारे, मतदारयाद्या हे सारे आमच्या पिढीने गोळा केले. शाळेचे फोटो मात्र कोणी गोळा केले नव्हते. या गावात या वर्षी इतकी मुले मराठीत शिकत होती, ही पाहा त्यांची तोंडे, ही पाहा त्यांच्या हातातली मराठी पाटी, असे दाखविता येईल या विचाराने आमचे मन उचंबळून आले होते. पुढे जे घडले त्याने हा विचार खोटा ठरला असे नाही. पण तो अपुरा आहे हे मात्र आम्हास शिकविले.

आधी कामाविषयी थोडे लिहितो, कारण असे ढीग सीमाभागातील अनेक शाळांत पडून असतील आणि हाताळण्याच्या घाईने ते नष्ट होण्याचा धोका वाळवीपेक्षा कमी नाही.

आमच्यात एक निवृत्त शिक्षक, एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, बेळगावात फोटो स्टुडिओ चालविणारे एक स्नेही आणि महाविद्यालयात शिकणारी दोन मुले होती. स्टुडिओवाल्या स्नेह्यांनी पहिला नियम घालून दिला: ओले फडके कोणत्याही फोटोला लावावयाचे नाही. जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोचे चित्र कागदावर नसते, कागदावरच्या जिलेटिनच्या पातळ थरात असलेल्या चांदीच्या कणांचे ते असते. पाणी लागले की तो थर फुगतो, मऊ होतो आणि बोटाबरोबर निघून येतो. म्हणून धूळ काढावयाची ती रबरी फुग्याच्या हवेने किंवा मऊ कुंचल्याने, मधून कडेकडे. दुसरा नियम: जो फोटो दमटपणाने काचेला चिकटला आहे तो ओढून काढावयाचा नाही. काचेतूनच त्याचा फोटो घ्यावयाचा. असे तीन फोटो आमच्याकडे होते. त्यांना ओढले असते तर मुलांचे चेहरे काचेवर राहिले असते आणि हाती कोरा कागद आला असता.

जे फोटो स्कॅनरच्या काचेवर मावले ते ६०० डीपीआयवर घेतले. पुठ्ठ्यासकट मोठे असलेले फोटो भिंतीशी समांतर ठेवून, दोन्ही बाजूंनी पडद्याआडून सारखा प्रकाश देऊन, कॅमेऱ्याने टिपले. प्रत्येक फोटोची मागची बाजूही स्कॅन केली. हे आम्हास आरंभी व्यर्थ वाटले होते, पण सर्वाधिक माहिती पुष्कळदा पाठीमागेच निघाली. मूळ प्रत टिफ या स्वरूपात, काटछाट न करता ठेवली. लोकांना पाहण्यासाठी तिचीच हलकी जेपेग प्रत केली. सर्व फाइली तीन ठिकाणी ठेवल्या: एक हार्डडिस्क शाळेत, एक आमच्याकडे आणि एक प्रत इंटरनेटवरील साठ्यात. मूळ फोटो आम्ही घरी नेले नाहीत. ते शाळेचे होते, शाळेतच राहिले. फक्त कपाटाच्या माथ्यावरून कपाटाच्या आत गेले, प्रत्येकामध्ये कोरा कागद घालून.

महाविद्यालयीन मुलांनी एक सूचना केली की, हल्ली संगणक पुसट चेहरे स्पष्ट करून देतो, रंगही भरून देतो, तसे करावे काय? एका फोटोवर त्यांनी करूनही दाखविले. फोटो देखणा झाला. पण आमच्यातील शिक्षकांनी तो न्याहाळून म्हटले, “हा मुलगा छान आहे, पण हा आमच्या गावातला नव्हे.” यंत्राने पुसट चेहऱ्याच्या जागी कोणता तरी संभाव्य चेहरा बसविला होता. तेव्हा ठरले की, जे दिसते तेवढेच दाखवावयाचे. पुसट असेल ते पुसट राहू द्यावयाचे. या ठरावाचा आम्हास अभिमान वाटला होता. चेहऱ्यांच्या बाबतीत आम्ही तो पाळला. नावांच्या बाबतीत तो मोडला, आणि तेच या लेखाचे कारण आहे.

फोटोचे साल ठरविणे हे काम आनंदाचे होते. ज्या पाटीवरील खडू पुसट झाला होता तेथे इतर खुणा शोधाव्या लागल्या. एका फोटोच्या पाठीवर मोडीत एक ओळ होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडे मोडी लिहिणारी माणसे सर्रास होती. आज ती ओळ वाचण्यासाठी आम्हास दोन गावे फिरावी लागली. वाचली तेव्हा कळले की फोटोसाठी प्रत्येक मुलाकडून दोन आणे वर्गणी घेतली होती, त्याचा तो हिशेब. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, तेव्हा आण्यांचा हा हिशेब बहुधा त्याआधीचा. कोठे शाळेच्या पाटीवर स्कूल बोर्डाचा उल्लेख, कोठे मास्तरांच्या डोक्यावरची काळी टोपी जाऊन पांढरी आलेली, कोठे मागच्या भिंतीवर गांधीजींची तसबीर, अशा बारीकसारीक खुणांनी साले जुळत गेली.

त्यात दोन फोटो असे निघाले की ते शेजारी ठेवल्यावर खोलीत कोणी बोलेना. एकाच्या पाटीवर ‘मार्च १९५६’, दुसऱ्याच्या पाटीवर ‘मार्च १९५७’. त्याच पायऱ्या, तेच तीन मास्तर. पहिल्या फोटोत तिसरीची मुले, दुसऱ्यात तीच चौथीची. एक वर्षाने थोडी उंच झालेली, एकाचे दात आलेले, एकीच्या वेण्या वाढलेल्या. या दोन फोटोंच्या मधोमध १ नोव्हेंबर १९५६ हा दिवस येतो. पहिला फोटो मुंबई राज्यात काढलेला आहे आणि दुसरा म्हैसूर राज्यात. बेळगाव जिल्ह्यातून चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात ठेवून उरलेला सारा जिल्हा पलीकडे टाकण्यात आला, ही घटना आपण ठरावांच्या आणि मोर्चांच्या भाषेत शेकडो वेळा सांगितली आहे. फोटोतील मुलांना त्याची वार्ता नाही. ती कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. दुसऱ्या फोटोतील पाटीही मराठीच आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास राज्यांना सांगणारा राज्यघटनेतील अनुच्छेद ३५०क हाही १९५६ च्याच सातव्या दुरुस्तीने आला. त्या अनुच्छेदाचा अर्थ त्या मुलाने छातीशी धरलेल्या पाटीइतका नेमका आम्हास कोठेही वाचावयास मिळालेला नाही.

आता नावांकडे येतो. साधारण निम्म्या फोटोंच्या पुठ्ठ्यावर खाली नावे होती. कोठे छापलेली, कोठे बोरूने लिहिलेली, कोठे इंग्रजीत. मराठीतील ओळींची धाटणी ठरलेली: ‘खुर्चीवर बसलेले, डावीकडून उजवीकडे’, ‘उभे, पहिली रांग’, ‘खाली बसलेले’. मास्तरांच्या नावामागे ‘रा. रा.’ आणि मुलांच्या नावामागे ‘कु.’ किंवा काहीच नाही. उरलेल्या फोटोंसाठी आम्ही दर रविवारी शाळेच्या ओसरीवर बैठका घेतल्या. फोटोची मोठी छापील प्रत मध्ये ठेवावयाची, चेहऱ्यांवर आकडे घालावयाचे आणि गावातील वृद्धांनी एकेक आकडा ओळखावयाचा. असे वाटले होते की एका बैठकीत चार फोटो होतील. प्रत्यक्षात एका फोटोला चार बैठका लागल्या, कारण नावाबरोबर माणसाची सगळी गोष्ट येत होती. कोण पोहताना मलप्रभेत वाहून गेला होता, कोण पुण्याला गिरणीत लागला, कोणाला मास्तरांनी पाढे येईनात म्हणून उन्हात उभे केले आणि पुढे त्याचेच दुकान गावात सर्वांत मोठे झाले.

मुलींची नावे मिळणे सर्वांत कठीण गेले. मुलगी लग्न होऊन गेली की गाव तिला विसरते असे नव्हे. पण तिचे नाव हरवते. आपल्याकडे सासरी आडनाव बदलतेच, पुष्कळ घरांत पाळण्यातले नावही बदलण्याची रीत होती. चंदगडला, गडहिंग्लजला, सावंतवाडीकडे दिलेल्या मुली तेथे दुसऱ्याच नावाने ओळखल्या गेल्या. त्यांची नातवंडे त्यांना ज्या नावाने ओळखतात ते नाव फोटोखाली नाही, आणि फोटोखालचे नाव नातवंडांना ठाऊक नाही. एका स्त्रीचे पहिले नाव उभ्या जगात कोठे शिल्लक असेल तर ते शाळेच्या हजेरीपटात आणि या पुठ्ठ्यावर, हे आमच्या हळूहळू ध्यानी आले.

भाषेचा अभ्यास करणाऱ्यास ही नावे म्हणजे खजिनाच आहे. येळ्ळूरकर हे आडनाव घ्या. ‘ऊर’ म्हणजे कन्नडमध्ये गाव, आणि ‘कर’ हा आपला मराठी प्रत्यय. एका आडनावात दोन भाषा मांडीला मांडी लावून बसल्या आहेत आणि त्यांचे भांडण नाही. सांबरेकर, हलगेकर, कंग्राळकर, अनगोळकर अशी आडनावे वाचीत गेलो की बेळगावभोवतीचा नकाशा पायांनी फिरल्यासारखा होतो. पहिल्या नावांतही तसेच. कल्लाप्पा, मल्लाप्पा, यल्लाप्पा ही नावे ऐकून पुण्या-मुंबईचा माणूस त्यांना कानडी समजतो. आमच्या ओसरीवर बसलेल्यांत तिघे असे ‘अप्पा’ होते आणि तिघांच्याही घरी मराठीखेरीज दुसरी भाषा नव्हती. खुद्द मराठीने अण्णा, अक्का, अप्पा ही नात्याची नावे त्याच शेजारातून घेतली आहेत. उलट एका फोटोतील एक मराठी वळणाचे नाव कन्नड बोलणाऱ्या घरातील मुलाचे निघाले. नावावरून भाषा आणि भाषेवरून माणूस ओळखण्याची जी सवय आमच्या हाडीमासी भिनली होती, ती त्या ओसरीवर रोज थोडी थोडी निकामी होत होती.

तरीही चूक झालीच. प्रदर्शनासाठी नावांच्या पट्ट्या तयार करावयाच्या होत्या. मूळ पुठ्ठ्यांवर लेखन नाना प्रकारचे: कोठे ‘परसराम’, कोठे ‘परशराम’, कोठे ‘लक्षुमी’, कोठे ‘कल्लापा’. आम्ही शुद्धलेखनाचा कटाक्ष बाळगणारी माणसे. महाजालावर नाव शोधता यावे तर ते एकाच रीतीने लिहिलेले असावे, हा युक्तिवादही हाताशी होता. तो खोटा नव्हता. इंग्रजीतून फिरून आलेला अनगोळकर हा ‘अंगोलकर’ होऊन येतो आणि मग तो शोधणाऱ्याला सापडत नाही, हे आम्ही पाहिले होते. तेव्हा आम्ही नावे सारखी केली. परसरामाचा परशुराम झाला, लक्षुमीची लक्ष्मी झाली. आणि १९५० च्या आसपासच्या एका फोटोतील, मूळ पुठ्ठ्यावर स्पष्ट अक्षरात ‘नीलव्वा’ असे लिहिलेल्या मुलीची आम्ही ‘नीला’ केली.

हे कोणी केले, असे विचाराल तर आम्ही सर्वांनी. यादी पाच जणांनी वाचली होती. कोणाच्याही मनात दुष्टावा नव्हता. मराठी शाळेतील मुलगी, तेव्हा तिचे नाव मराठी वळणाचे असावे, ‘व्वा’ हा लिहिणाऱ्याच्या उच्चाराचा परिणाम असावा, इतक्या सहजतेने ते झाले. सहजतेने झाले हेच लाजिरवाणे आहे.

प्रदर्शन शाळेच्या सभागृहात तीन दिवस होते. मूळ फोटो टांगले नाहीत. मोठ्या आकारात छापलेल्या प्रती दोरीवर लावल्या आणि प्रत्येकीखाली नावांची पट्टी. पहिल्याच दिवशी दुपारी एक वृद्ध बाई नातवाच्या खांद्याला धरून आल्या. शेजारच्या कन्नडभाषक वस्तीतल्या होत्या. त्या काळी जवळ दुसरी शाळा नव्हती म्हणून त्या आणि त्यांच्या दोन बहिणी या शाळेत चौथीपर्यंत शिकल्या होत्या. त्या फोटो पाहत एकेक पाऊल पुढे सरकत होत्या. एका फोटोपाशी थांबल्या, पट्टीवर बोट ठेवून त्यांनी नाव अक्षर लावून वाचले. याच शाळेने त्यांना ते अक्षर शिकविले होते. मग आमच्याकडे वळून, आमच्याच भागातल्या मराठीत म्हणाल्या, “नाव माझं न्हवं, खरं फोटो माझाच हाय.”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: बेळगाव-कोल्हापूरकडच्या बोलीत ‘खरं’ हा शब्द ‘पण’ या अर्थी येतो. बाई एवढेच म्हणाल्या की, नाव माझे नाही, पण फोटो माझाच आहे. मात्र त्या क्षणी तो शब्द आम्हास दोन्ही अर्थांनी ऐकू आला.

आम्ही त्यांची क्षमा मागितली. त्या रागावल्या नव्हत्या. थोड्या हसल्या आणि म्हणाल्या की, सासरीसुद्धा कोणी त्यांचे नाव बदलले नव्हते. नातवाने मात्र हळूच विचारले, “आजीचं नाव तुम्ही का बदललंत?” तो मुलगा आमच्याशी शुद्ध मराठीत बोलत होता आणि आम्हापाशी त्याला द्यावयास उत्तर नव्हते.

वाचकहो, १ नोव्हेंबर २०१४ रोजी आमच्या शहराचे नाव सरकारी कागदावर बदलले गेले. जे नाव आमच्या आज्या-पणज्यांच्या तोंडी होते ते आम्हास न विचारता पुसले गेले, या दुःखावर याच जागी आम्ही किती वेळा लिहिले आहे! नाव म्हणजे अस्तित्व, नाव बदलणे म्हणजे माणसाला त्याच्याच घरात परके करणे, असे सांगत आलो. आणि संधी मिळताच, लेखणी हाती येताच, आम्हीही तेच केले. एका चौथीतल्या मुलीच्या बाबतीत केले म्हणून ते लहान ठरत नाही. तिच्याजवळ फलक नव्हता, मोर्चा नव्हता. फोटोखालचे तीन अक्षरांचे एक नाव होते.

त्या रात्री सर्व पट्ट्या उतरविल्या. मूळ पुठ्ठ्यावर जे होते ते तसेच, काना-मात्रा न बदलता, पुन्हा छापले. परसराम परसरामच राहिला. शोधण्याच्या सोयीसाठी नावाची इतर रूपे महाजालावरील नोंदीत वेगळ्या रकान्यात दिली, म्हणजे कोणत्याही रूपाने शोधणाऱ्यास तो फोटो सापडेल, पण कोणतेही रूप मूळ नावाची जागा घेणार नाही. ज्या चेहऱ्याचे नाव मिळाले नाही तेथे ‘अनोळखी’ न लिहिता ‘नाव मिळाले नाही’ असे लिहिले. अनोळखी तो नव्हता, नाव शोधण्यात आम्ही उणे पडलो होतो. वृद्धांच्या आठवणीतून आलेली नावे आणि पुठ्ठ्यावरची नावे यांत भेद दिसावा म्हणून आठवणीतली नावे तिरप्या अक्षरात घेतली. आठवण चुकू शकते, आणि ती चुकली तर पुढे कोणास तरी दुरुस्त करता आली पाहिजे.

त्याच रात्री आमच्यात एक वादही झाला. एकाने सुचविले की पट्ट्यांवर मराठीखाली कन्नडमध्येही नावे लिहावीत, कारण या फोटोंतील काही मुले त्या घरांतील आहेत आणि त्यांची नातवंडे कन्नड शाळांत शिकतात. दुसऱ्याने तीव्र विरोध केला. जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात त्याने लाठी खाल्लेली आहे. त्याचा विरोध समजण्यासारखा होता. तो म्हणाला, “ज्या लिपीच्या सक्तीविरुद्ध रक्त सांडले ती आपल्याच हाताने भिंतीवर लावायची?” बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी निवृत्त शिक्षक म्हणाले की, सक्तीला आपला विरोध होता, अक्षराला नव्हता. कोणी आपल्या ओसरीवर आला तर त्याला त्याच्या भाषेत ‘बसा’ म्हणणे ही सक्ती नव्हे, तो आपला रिवाज आहे. आपण जे सरकारकडे मागतो, म्हणजे जेथे ज्यांची वस्ती तेथे त्यांच्या भाषेत कागद, ते आपल्या चार भिंतींत तरी आपण द्यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या दोन्ही लिप्यांत लागल्या. लाठी खाल्लेल्या स्नेह्यांनीच त्या दोरीवर अडकविल्या. त्यांना कन्नड लिपी आमच्यापैकी सर्वांत चांगली वाचता येते.

हे लिहिताना काही वाचकांच्या मनात शंका येईल की, मग पुराव्याचे काय झाले? पुरावा आहेच. ४७ फोटोंत ४७ वेळा मराठी शाळा उभी आहे. १९५७ सालची पाटी कोणी खोडू शकत नाही. पण न्यायालयात ठेवावयाचा पुरावा आणि गावाला परत द्यावयाची आठवण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्यासाठी आकडा पुरतो, दुसऱ्यासाठी नाव लागते. आणि ज्या फोटोत आपल्या सोयीचे तेवढेच चेहरे ठेवले, आपल्या सोयीची तेवढीच नावे लिहिली, तो पुरावा म्हणूनही कच्चाच राहतो. शेजारच्या घरची मुले आपल्या शाळेत शिकली, आपली अक्षरे शिकून मोठी झाली, ही गोष्ट मराठीचे या भूमीतील स्थान दुबळे करीत नाही. ती शाळा साऱ्या गावाची होती, एवढेच ती सांगते.

सर्वच फोटो आम्ही महाजालावर खुले केलेले नाहीत, हेही सांगणे आवश्यक आहे. १९८० नंतरच्या फोटोंतील मुले आज मध्यमवयीन आहेत. त्यांचे चेहरे नावासकट जगापुढे ठेवण्याचा अधिकार आम्हास कोणी दिला? ते फोटो शाळेत येऊन पाहता येतात. दोन स्त्रियांनी आपला फोटो काढून टाकण्यास सांगितले, कारण विचारले नाही, काढला. हजेरीपटातील जातीचा रकाना आम्ही कोठेही उतरवून घेतला नाही. मात्र फोटोत कोण पायरीवर आहे, कोण कडेला वेगळा उभा आहे आणि कोणाच्या पायांत काही नाही, हे ज्याला पाहावयाचे त्याला दिसते. ते आम्ही कापले नाही. आपल्या शाळांचा इतिहास सांगताना तेही सांगावयाचे आहे.

आता आपणास विनंती. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर, भालकी असो वा हैदराबाद, इंदूर, बडोदा, जेथे जेथे जुनी मराठी शाळा आहे किंवा होती, तेथील कपाटांच्या माथ्यावर एकदा हात फिरवून पाहा. घरातील भिंतीवर आजोबांचा शाळेतला फोटो असेल तर तो चौकटीतून ओढू नका. जसा आहे तसा, उन्हाची तिरीप नसलेल्या उजेडात, मोबाईलने समोरून आणि मागून टिपून ठेवा. आणि त्याआधी, घरातील सर्वांत वृद्ध माणसापाशी तो घेऊन बसा व नावे लिहून घ्या. चांदीचे कण कागदावर आणखी पन्नास वर्षे टिकतील. नावे ज्यांच्या मुखात आहेत त्यांच्यापाशी तेवढा काळ नाही. ती ऐकाल तशी लिहा. सुधारू नका.

गेल्या महिन्यात आम्ही नीलव्वांच्या घरी जाऊन फोटोची एक प्रत देऊन आलो. खाली दोन्ही लिप्यांत त्यांचे नाव आहे. त्यांनी आधी मराठीतले वाचले, मग नातवाकडून कन्नडमधले वाचवून घेतले, आणि दोन्ही ठिकाणी तेच नाव आहे याची खात्री झाल्यावर फोटो देवघराशेजारच्या खुंटीला लावावयास सांगितला.